आधी पोट, मग सांधे, डोकं शेवटी

काल रात्री साडेदहापर्यंत तू जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होतीस. काळ्या पट्टीवरून चालणारी तुझी गाडी दोन इंच सरकायची, अडखळायची, बोर्डावरचा दिवा लुकलुकायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. तू म्हणालीस, "आजी, प्रोग्रॅममध्ये कुठेतरी चूक आहे, पण सापडतच नाही." मी तुला मल्टिमीटरचा लाल प्रोब पाच व्होल्टच्या पिनेवर आणि काळा ग्राउंडवर धरायला लावला. मोटरी बंद होत्या तेव्हा आकडा 4.9 होता. मोटरी सुरू झाल्या, त्याच क्षणी तो तिनाच्या आसपास घसरला.

चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. मग मोटरींना कपाटातले चार पेन्सिल सेल दिले, बोर्ड पॉवर बँकेवर लावला आणि दोघांचं ग्राउंड जोडलं. केबल हातात धरून तू गाडीच्या मागोमाग वाकून चाललीस आणि गाडी अख्खी पट्टी न थांबता फिरून आली. तेव्हा तुझा चेहरा बघितला आणि ठरवलं, की मला माहीत आहे ते सगळं तुला एकदा नीट सांगून ठेवायचं.

1978 साली, एकोणिसाव्या वर्षी, मी भोसरीतल्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर लागले. 26 वर्षं सोल्डरिंग आणि टेस्टिंग केलं. रोबॉट आम्ही कधी बनवले नाहीत. पण तुझ्या गाडीत जे रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आहेत, तेच माझ्या हाताखालून रोज शेकड्यांनी जायचे. आमच्या सुपरवायझर बाई नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगायच्या, "बंद सेट समोर आला की आधी वीज पोचते का ते बघ. मग सांधे बघ. आयसीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा." मला मिळालेला हा कानमंत्र आता तुझा.

पोट आधी भर

तू बोर्ड आणि मोटरी दोन्ही त्या चौकोनी 9 व्होल्टच्या सेलवर चालवत होतीस. त्या डब्यात दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. व्होल्ट भरपूर दिसतात, पण करंट द्यायची ताकद नसते. टाकी गच्चीवर आहे, पण नळी बारीक. एक नळ चालतो, दोन एकदम सोडले की दोन्हींची धार मरते. तुझी पिवळी बीओ मोटर मोकळी फिरताना थोडाच करंट घेते, पण चाक अडलं किंवा मोटर जागेवरून उठत असली की त्याच्या कित्येक पट मागते. ती मागणी आली की व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो.

म्हणून मोटरींचा सेल वेगळा ठेव आणि बोर्डाचा वेगळा. दोन्ही एकाच बॅटरीवर चालवायचे असतील तर बॅटरी दणकट हवी आणि बोर्डाला रेग्युलेटरमधून वीज हवी. 7805 हा जुना, भरवशाचा रेग्युलेटर आहे, पण जास्तीचे व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. 12 व्होल्ट आत घेतलेस आणि 5 व्होल्टवर अर्धा अँपिअर वापरलास, तर उरलेले 7 व्होल्ट गुणिले अर्धा, म्हणजे साडेतीन वॅट नुसती आच. हीटसिंक लावला नाहीस तर बोट लावता येणार नाही. हा हिशेब कागदावर करायला अर्धं मिनिट लागतं. तो दर वेळी कर.

सुरुवातीला रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल वापर. एकाचे 1.2 व्होल्ट, सहा जोडलेस की 7.2. आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला, अगदी जवळ, काचेचा 2 अँपिअरचा फ्यूज आणि एक स्विच लाव. तार चुकून ग्राउंडला टेकली तर दोन-चार रुपयांचा फ्यूज जातो, बाकी सगळं वाचतं.

पोटाची गोष्ट निघाली म्हणून एक जुनी हकिगत सांगते. ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदू-शास्त्रज्ञानं 1948-49च्या सुमारास इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलला, दोन यांत्रिक कासवं बनवली. एल्मर आणि एल्सी. चिप तेव्हा नव्हत्याच, प्रत्येक कासवाच्या मेंदूत फक्त दोन व्हॉल्व्ह होते. प्रकाश दिसला की कासव तिकडे वळायचं, अडथळा लागला की बाजूला व्हायचं. आणि बॅटरी उतरायला लागली की दिवा लावलेल्या आपल्या घरट्यात जाऊन चार्ज व्हायचं. वॉल्टर हा घरी बसून रोबॉट करणाऱ्या सगळ्यांचा पूर्वज. इतक्या छोट्या मेंदूतही त्यानं पोटाची सोय आधी केली होती, हे लक्षात ठेव.

मोटर कधी थेट पिनेला जोडू नको

तुझ्या आर्डुइनो उनो बोर्डाची एक पिन 20 मिलिअँपिअर सुखानं देते. 40 ही शेवटची हद्द. एलईडी त्यावर पेटतो, मोटर चालत नाही, उलट पिन जळते. मध्ये ड्रायव्हर हवाच. तुझ्याकडे एल293डी आहे. ती एका बाजूला सलग 600 मिलिअँपिअर देते. नावातला शेवटचा "डी" बघूनच घ्यायची, कारण त्यात संरक्षणाचे डायोड आतच बसवलेले असतात. मोटर बंद होताना उलटा झटका मारते, तो हे डायोड झेलतात. "डी" नसलेली आयसी हातात आली तर डायोड बाहेरून लावावे लागतात.

ड्रायव्हर स्वतःही काही व्होल्ट खातो. एल293डी आणि एल298 दोन्ही जुन्या पद्धतीच्या, ओझं आलं की त्यांच्यात दोन-अडीच व्होल्ट सहज जातात. म्हणजे 6 व्होल्ट दिलेस तर मोटरीपर्यंत साडेतीन-चार पोचतात, आणि मग आपण म्हणतो मोटरच मरतुकडी आहे. सेल वाढव, नाहीतर टीबी6612 सारखा मॉस्फेटचा ड्रायव्हर घे. त्यात हे नुकसान फारच कमी होतं.

सगळ्यांचं ग्राउंड एक कर. बॅटऱ्या कितीही वेगळ्या असोत, बोर्ड, ड्रायव्हर, सेन्सर यांचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं नसेल तर त्यांचं बोलणं एकमेकांना कळत नाही. एक जण म्हणतो पाच व्होल्ट, दुसरा विचारतो कशापासून पाच? मोटर वेड्यासारखी मधेच फिरते, मधेच थांबते, तेव्हा हीच तार आधी तपास.

मोटरीच्या दोन्ही पायांमध्ये 104 लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर कर. 104 म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड. मोटरीच्या ब्रशवर सारख्या ठिणग्या उडतात, त्यांचा गोंगाट तो तिथल्या तिथे गिळतो. आणि मोटरीच्या दोन तारांना पीळ घाल, जशी मी तुझी वेणी घालते तशी, घट्ट आणि एकसारखी. पिळातल्या तारा गोंगाट आजूबाजूला कमी पसरवतात. सेन्सरच्या तारा त्यांच्यापासून लांब ने.

सांधा : इथे घाई करायची नाही

आता माझ्या हातातलं काम सांगते, नीट ऐक. आमच्या लाइनवर एकदा एक पूर्ण लॉट परत आला होता. टेबलावर सेट चालायचे, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बंद पडायचे. शोधता शोधता एकाच पायाचा ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा सांधा, निघाला. तो पाय माझ्या जागेवर लागायचा. त्या दिवशी बाईंनी मला रागावण्याऐवजी शेजारी बसवलं आणि शंभर सांधे करून घेतले. ते शंभर सांधे मला अजून उपयोगी पडतात.

25 वॅटची इस्त्री पुरे. आम्ही सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणायचो. टोक ओल्या स्पंजावर पुसायचं आणि त्यावर थोडं सोल्डर लावून ते चकचकीत करायचं. काळं टोक उष्णता पोचवत नाही. मग टोक असं धरायचं की ते तांब्याच्या गोलालाही टेकेल आणि पार्टच्या पायालाही. मनात एक, दोन म्हणायचं. आता सोल्डरची तार दुसऱ्या बाजूनं पायाला लावायची, इस्त्रीच्या टोकाला नाही. पाय पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपणहून वितळून आत ओढलं जातं. आधी तार काढायची, मग इस्त्री. आणि मग दोन सेकंद हात हलवायचा नाही, फुंकर मारायची नाही. गोठताना सांधा हलला की त्यात तडा राहतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

चांगला सांधा डोंगराच्या उतारासारखा दिसतो, पायावर चढत गेलेला आणि खाली पसरलेला. वाईट सांधा मोत्यासारखा गोल, वर बसलेला दिसतो. मोती दिसला की समजायचं, पाय तापलाच नव्हता. तो ओढून बघितलास तर कदाचित निघणारही नाही, पण गाडी हादरली की बोलणं तोडेल. शिशाचं 60-40 सोल्डर चकाकतं. त्यावर मळकट, दाणेदार सांधा दिसला तर पुन्हा तापव, थोडं फ्लक्स लाव.

फ्लक्स म्हणजे राळ. बोर्डाला राळच लागते. लहानपणी मी दारात बसलेला कल्हईवाला बघितला आहे, तो नवसागर टाकायचा आणि पातेलं चांदीसारखं उजळायचं. पातेल्याला ते ठीक. इलेक्ट्रॉनिक्सला नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचं ॲसिडचं फ्लक्स कधीही लावायचं नाही. काही महिन्यांनी ते तांबंच खाऊन टाकतं.

आयसी थेट बोर्डाला सोल्डर करू नको. आयसी बेस सोल्डर कर आणि मग आयसी त्यात बसव. खाच कुठल्या बाजूला आहे ते दोनदा बघ. ब्रेडबोर्ड प्रयोगासाठी उत्तम आहे, पण चालत्या गाडीवर त्यातल्या तारा सुटतात. एकदा सर्किट चाललं की ते झीरो पीसीबीवर उतरव. मोटरीच्या आणि बॅटरीच्या तारांना कनेक्टर लाव, म्हणजे सुट्टं करताना काही कापावं लागणार नाही. लाल तार पॉझिटिव्ह, काळी ग्राउंड, हे कधीही मोडू नको. घाईत हिरवी तार ग्राउंडला लावलीस तर महिन्याभरानं तूच चुकशील.

वीज द्यायच्या आधी मीटर बीपवर ठेव आणि पॉझिटिव्ह-ग्राउंडमध्ये धर. बीप सतत वाजला तर वीज द्यायची नाही, आधी कुठे चिकटलंय ते शोधायचं. आम्ही कारखान्यात हे प्रत्येक बोर्डाला करायचो.

काम करताना खिडकी उघडी ठेव, राळेचा धूर छातीला बरा नाही. पाय कापताना चष्मा घाल, तुकडा डोळ्याकडे उडतो. केस बांध. काम झालं की हात साबणानं धुतल्याशिवाय खाण्याला हात लावायचा नाही, कारण सोल्डरमध्ये शिसं असतं. टेबलावर चिवड्याची वाटी आणि सोल्डर शेजारी शेजारी मला दिसायला नको.

जिथे हट्ट चालत नाही

दोन गोष्टींत मी तुझं ऐकणार नाही.

पहिली, 230 व्होल्ट. जुना चार्जर उघडून बघायचा नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठा होतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो तसाच राहू शकतो. तुझ्या गाडीला 12 व्होल्टच्या वर काही लागत नाही. त्याच्या आतच खेळ.

दुसरी, लिथियमचे सेल. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. एकाचे 3.7 व्होल्ट, पूर्ण भरला की 4.2. त्याच्या वर चार्ज करायचा नाही, तिनाच्या खाली उतरवायचा नाही. दोन जोडलेस तर सेल सांभाळणारा बीएमएस बोर्ड हवाच आणि चार्जर त्याच कामाचा हवा. सेलवर थेट सोल्डरिंग करायचं नाही, होल्डर वापरायचा. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. फुगलेला, दबलेला किंवा फुकट मिळालेल्या लॅपटॉपमधून काढलेला सेल घरात आणायचा नाही. हे सेल तू कॉलेजात गेल्यावर बिनधास्त वापर, आत्ता पेन्सिल सेल पुरे.

डोळे साफ ठेव

तुझ्या गाडीखालचे सेन्सर इन्फ्रारेड आहेत. पांढऱ्यावरून उजेड परत येतो, काळ्यात जिरतो, इतकंच त्यांचं ज्ञान. ते जमिनीपासून काही मिलिमीटरवरच ठेव, वर उचललेस की काळं-पांढरं त्यांना सारखंच दिसतं. उन्हातही इन्फ्रारेड असतं. घरी ट्यूबलाइटखाली उत्तम चाललेली गाडी शाळेच्या प्रदर्शनाच्या मांडवात वेडी होते ती यामुळे. सेन्सरभोवती काळ्या कागदाची झालर लाव आणि प्रदर्शनाच्या जागेवर जाऊन पुन्हा मोजमाप घे. पांढऱ्यावर किती आकडा येतो, काळ्यावर किती, दोन्ही लिहून मधला आकडा घे. प्रोग्रॅममध्ये 500 लिहिलंय म्हणून तेच बरोबर, असं नसतं.

सेन्सरचा एलईडी पेटतोय का हे डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघितलंस तर बहुतेक वेळा जांभळट ठिपका दिसतो. टीव्हीच्या रिमोटवर आधी करून बघ.

पुढे अंतर मोजायचा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावशील. तो 40 किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. एका सेंटिमीटरला जाऊन-येऊन 58 मायक्रोसेकंद. पडदा, उशी, गोधडी आवाज पिऊन टाकतात, त्यामुळे ते त्याला दिसत नाहीत, हे लक्षात घेऊन चाचणी घे. ईएसपी32 बोर्डाला हा सेन्सर जोडताना सांभाळ. सेन्सरची परतीची पिन 5 व्होल्ट देते आणि तो बोर्ड 3.3वर चालतो. मध्ये 1 किलोओहम आणि 2 किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज वाटून घे.

आता डोकं

वीज नीट, सांधे नीट, डोळे नीट, मग प्रोग्रॅमला हात घाल. एका वेळी एकच गोष्ट चालव. आधी नुसती डावी मोटर पुढे. मग मागे. मग उजवी. मग दोन्ही. मग सेन्सरचे आकडे नुसते स्क्रीनवर छाप, मोटरींना हातच लावू नको. सगळे तुकडे वेगवेगळे चालले की मगच एकत्र आण. आणि काही बिघडलं तर एका वेळी एकच बदल कर. दोन बदल एकदम केलेस आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते तुला कधीच कळणार नाही.

गाडी पट्टीवर डुलत चालली तर वेग कमी करून बघ. सुरुवातीला 100 किंवा 150 आरपीएमच्या मोटरी घे. 65 मिलिमीटरचं चाक एका फेरीत सुमारे 20 सेंटिमीटर जातं, म्हणजे 100 आरपीएमला सेकंदाला एक फूटभर. शिकायला एवढा वेग भरपूर आहे. जड बॅटरी चाकांच्या वर ठेव, पुढच्या कॅस्टरवर नको, नाहीतर चाकं जागच्या जागी घसरतात.

एक वही कर. तारीख, काय जोडलं, मीटरवर काय आलं, काय बदललं. मी टेस्टिंगला असताना माझ्या वहीनं मला कितीतरी वेळा वाचवलं आहे. माणसाला वाटतं आपल्याला आठवेल, पण तिसऱ्या दिवशी कुठली तार कुठे होती ते आठवत नाही.

बाजारात जाताना

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या आणि तपकीर गल्लीतल्या दुकानांत जा, मुंबईत गेलीस तर लॅमिंग्टन रोडवर. यादी लिहून ने, पार्टचा पूर्ण नंबर लिहून ने. स्वस्त वस्तू दोन घे, एक लावायला आणि एक जळली तर. पण मल्टिमीटर आणि इस्त्री यांत पैसे वाचवू नको. सेन्सर बदलतात, बोर्ड बदलतात, ही दोन हत्यारं मात्र वर्षानुवर्षं हाताशी राहतात. घरातला बिघडलेला प्रिंटर भंगारात द्यायच्या आधी मला सांग. प्लगपासून सोडवून आपण दोघी मिळून त्यातल्या मोटरी, गिअर आणि पोलादी दांड्या काढून घेऊ, वीजपुरवठ्याचा डबा मात्र न उघडता बाजूला ठेवू.

शनिवारी प्रदर्शन आहे. आदल्या दिवशी सेल पूर्ण चार्ज कर आणि एक संच जादा ठेव. डब्यात स्क्रू ड्रायव्हर, काळी टेप, जादा फ्यूज आणि मीटर असू दे. शुक्रवारी रात्री प्रोग्रॅममध्ये काहीही बदलायचं नाही.

आणि तिथे दुसऱ्या कुणाची गाडी बंद पडलेली दिसली, कुणी रडवेलं होऊन लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेलं दिसलं, तर आपला मीटर घेऊन त्याच्याकडे जा. लाल प्रोब पाच व्होल्टवर, काळा ग्राउंडवर धर आणि त्याला मोटरी सुरू करायला सांग. बाईंनी मला दिलं, मी तुला दिलं, तू पुढे दे.